कुलपातली कुंभारीण

"थांबा गुर्जी! तो कशाला आलाय ता आधी बगा, मंग चप्पल उचला."

कोकणात पाऊल ठेवल्यावर मला उद्देशून बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. मी नुकती ट्रंक खाली ठेवली होती. समोर भिंतीवर बोटभर लांबीचं झुरळ मिशा हलवत माझं स्वागत करत होतं आणि चप्पल घेतलेला माझा हात हवेत होता. खिडकीच्या गजांतून एक वाळकुडा माणूस आत बघत होता. कमरेला काथ्याचा दोर आणि दोराला किल्ल्यांचा हा एवढा मोठा जुडगा. तो खुळखुळत आत आला, माझ्या हातातली चप्पल काढून घेतली आणि खाली व्यवस्थित जोडून ठेवली. तोवर झुरळ पसार झालं होतं.

"गेलं ना!" मी वैतागून म्हणालो.

"येल परत. त्याचं काम व्हायचं हाय अजून."

झुरळाला कसलं आलंय काम? पण होतं. माझ्या आधीच्या मास्तरांनी भिंतीवर भाताच्या खळीनं महाराष्ट्राचा नकाशा डकवला होता. त्या माणसानं नकाशाचा कोपरा उचलून दाखवला. मागच्या खळीसाठी झुरळांनी कागद अरबी समुद्राच्या बाजूनं खायला सुरुवात केली होती आणि रत्नागिरी जिल्हा निम्मा संपवला होता. आम्ही नकाशा काढला, भिंत सोड्याच्या पाण्यानं पुसली, मोरीचं भोक रात्रीचं झाकायची सवय मी लावून घेतली. झुरळं गेली असं मी म्हणणार नाही. पण आमची भेट रोजची राहिली नाही.

सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणायची. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. देवरुखहून निघालेली एस.टी. जिथं जाऊन नाइलाजानं मागं वळते, असं ते गाव. मी साताऱ्याकडचा, किड्यामुंगीला घाबरणारा आणि ते कबूल न करणारा. शाळेत मी विज्ञान शिकवायचो, त्यामुळे तर कबूल करणं शक्यच नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांनी कोकणातल्या वाड्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, तिथं दर दोन घरांआड एका दाराला कुलूप असतं. माणसं मुंबईला. ती येणार गणपतीला, शिमग्याला आणि आंब्यांच्या दिवसांत. मधले सगळे महिने घर एकटं. आणि कोकणातलं घर एकटं कधीच नसतं. खालून वाळवी येते, वरून वटवाघळं येतात, कपड्यांत कसर, भातात पोरकिडे, माळ्यावर उंदीर आणि उंदरांमागून जे यायचं ते. त्या सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या भाऊंच्या कमरेला. पूर्वी ते मुंबईत एका गोदामावर रखवालदार होते. तिथली धूळ छातीला सोसेना म्हणून गावी परतले आणि इथं येऊन पुन्हा रखवालदारच झाले. लग्न केलेलं नव्हतं. "येकटा हाय म्हणून बऱ्याच घरांत ऱ्हातो," असं म्हणायचे.

राहायचे म्हणजे खरोखरच राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी एका एरवी कुलूपबंद असणाऱ्या घरावरून चाललो होतो, तर आतून भांडण ऐकू आलं. "ए बाळ्या, पानी आन रं! किती येळा सांगायचं?" मग बाईचा चिरका आवाज, "माजंच मेलीचं नशीब फुटकं!" मग खोकला, मग पाटावर काहीतरी आपटल्याचा आवाज. मी दाराच्या फटीतून डोकावलो. आत भाऊ एकटेच होते. चुलीत ओला पालापाचोळा घालून घरभर धुरी करत होते आणि त्या घरातल्या एकेका माणसाचा आवाज काढून एकमेकांना शिव्या देत होते.

"घराला बोलनं ऐकू आलं पायजे," बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं. "नायतर समद्यांना कळतं की घर मोकळं हाय. उंदीर काय येडा हाय? कान देऊन असतो."

प्रत्येक घरात त्या त्या घरचंच भांडण ते करायचे. आवाज असे हुबेहूब, की सुट्टीत आलेली माणसं मला विचारायची, "गुर्जी, आमच्या घरात भाऊ काय बोलतो हो?" मी सांगायचो, "देवाचं नाव घेतात."

माझ्या खोलीतल्या मुंग्यांचंही प्रकरण त्यांच्याकडे गेलं. मी जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले होते आणि तरी साखरेच्या डब्यात मुंग्या. मी डबा त्यांच्यापुढे आपटला. भाऊ उकिडवे बसले, मुंग्यांच्या रांगेमागून डोळे फिरवत फिरवत वर गेले आणि खुदकन हसले. कपाट मागं भिंतीला टेकलं होतं. "गुर्जी, किल्ल्याला खंदक खणलाव नि पूल तसाच सोडलाव." कपाट वीतभर पुढं ओढलं, रांग जिथून यायची ती भिंत साबणाच्या पाण्यानं धुतली. "वासाच्या वाटेनं येतात त्या. वाट पुसली की बाजार चुकला."

ढेकणांविषयी त्यांना आदर होता. "उपास करावा तर त्यानं," असं म्हणायचे. मुंबईकर गेले की ढेकूण खाटेच्या चिरांत शिरून बसतात, महिनोन्‌महिने काही न खाता वाट बघतात, आणि गणपतीला पाव्हणे खाटेवर आडवे झाले की उपास सोडतात. म्हणून श्रावणात उघडीप मिळाली रे मिळाली, की भाऊ सगळ्या घरांतल्या खाटा अंगणात काढायचे, चिरांतून उकळतं पाणी ओतायचे आणि उन्हात पालथ्या घालायचे. ओतता ओतता ढेकणांना म्हणायचे, "माफ करा, पन तुमचा पारना माज्या माणसांवर नको."

त्यांचं सगळंच खरं असायचं, असा गैरसमज करून घेऊ नका. डास देवरुखच्या बाजूला सभ्य आणि संगमेश्वरच्या बाजूला डांबरट असतात, असं ते छातीठोकपणे सांगायचे. पालीला मुंबईचं वारं सोसत नाही म्हणून तिथल्या पाली चुकचुकत नाहीत, हाही त्यांचाच शोध. निरगुडीचा पाला तांदळात घातला की पोरकिडे होत नाहीत, इथवर ठीक. पण ते तो पाला उशीत, टोपीत, एकदा तर माझ्या हजेरीपटाच्या कपाटातही घालून गेले. आणि गांधीलमाश्यांचं पोळं धुरानं "समजावून" उठवताना त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांच्या मानेला जी भेट मिळवून दिली, तिच्यामुळे शाळेला एक दिवस अर्धी सुट्टी मिळाली. मुलं नंतर कितीतरी दिवस त्यांना विचारत होती, "भाऊ, परत कधी समजावनार?"

तर अशा या माणसाच्या हातून एक किल्ली हरवली, आणि ती कशी हरवली ते वाडीत फक्त मला माहीत होतं.

त्या श्रावणात एका सकाळी भाऊ माझ्याकडे आले ते खुळखुळ न करता. जुडगा मुठीत आवळून धरला होता. "चला जरा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, साप निघाला. मी पाय ओढत त्यांच्यामागं गेलो.

वाडीच्या टोकाला एका काकींचं घर होतं. काकी, त्यांचा मुलगा आणि सून, तिघंही मुंबईला. त्या घराच्या दाराला दोन फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये कडी-कोयंड्यात अडकवलेलं पंज्याएवढं जुनं लोखंडी कुलूप. भाऊंनी कुलपाकडे बोट केलं. किल्लीच्या भोकात ओल्या मातीचं गुळगुळीत बूच बसलं होतं.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "काडी द्या, आत्ता उकरतो."

भाऊंनी माझं मनगट धरलं. इतका जोर त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. "कुंभारीण हाय."

कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. बारीक कमरेची, पाय लोंबकळत उडणारी. चिखलाची गोळी तोंडात धरून आणते आणि फटीत, भोकात, भिंतीच्या कोपऱ्यात घर बांधते. भाऊ सांगत होते आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकत होतो. ती अळ्या धरून आणते, पण मारत नाही, नुसता दंश करून लुळ्या करते, म्हणजे ताज्या राहतात. त्या अळ्या कोंबायच्या, एक अंडं घालायचं आणि दार लिंपून निघून जायचं. पोर आत जन्मतं, भरून ठेवलेलं खातं, मोठं होतं आणि आपलं आपण भिंत फोडून बाहेर येतं. आईला ते दिसत नाही आणि आई त्याला दिसत नाही.

"बेगमी भरून, दार लावून जाते. चाकरमान्यासारखी," भाऊ म्हणाले.

"पण तुम्हाला घर उघडायला नको? गणपती आलेत तोंडावर."

ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "कुंभारीण ज्या घराला घर करते, त्या घरात पाळना हलतो. ठाव हाय ना तुमाला?"

आमच्याकडेही तसं म्हणतात. आणि काकींच्या सुनेचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, ते सगळ्या वाडीला माहीत होतं. वाडी तिला ते विसरूही देत नव्हती. गणपतीत दर्शनाला येणारी प्रत्येक बाई आधी देवाला नमस्कार करायची आणि मग तिच्याकडे वळायची. "काय गो, गोड बातमी कंदी?" ती हसून आत पाणी आणायला जायची. मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. फार पाणी आणावं लागायचं तिला.

"मग काकींना कळवा की," मी म्हणालो. "खूश होतील."

भाऊ माझ्यावर उखडले. "मास्तर झालाव, पन अक्कल कुठं ठेवलाव? झालं तर झालं. नाय झालं तर? कुंभारीण येऊन पन हिला काय नाय, असं बोलतील लोक. त्या पोरीच्या डोक्यावर आनखी येक धोंडा. कुनाला बोलायचं नाय. पन मोडायचं पन नाय."

मी विज्ञानाचा शिक्षक. त्या माशीचा आणि पाळण्याचा काही संबंध नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलंही. त्यावर ते म्हणाले, "नसंल. पन मंग तुमच्या इज्ञानानं दुसरा काय उपाय सांगितलाय?" आणि किल्ली जुडग्यातून काढून त्यांनी माझ्या तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली.

त्यानंतर ते घर बंद ते बंदच राहिलं. मागचं दार आतून अडणा घातलेलं. भाऊ रोज पडवीत बसून बाहेरूनच आतल्या माणसांची भांडणं करायचे. घसा ताणून काकींच्या आवाजात "सुनबाय, चाय टाक गो!" म्हणायचे. पण धुरी नाही, झाडलोट नाही, खाटा उन्हात नाहीत. ज्या माणसानं उभा जन्म घरं राखली त्याला एक घर डोळ्यांदेखत किड्यांच्या ताब्यात जाताना बघावं लागत होतं. त्यांची भूक कमी झाली. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

चतुर्थीच्या आधी काकी मंडळी एस.टी.तून उतरली. बोचकी, पिशव्या, काकींचा आवाज. भाऊ अंगणात हात जोडून उभे होते.

"काकी, किल्ली हरावली."

तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं की आभाळ कोसळलं. वाडीतली सगळी माणसं गोळा झाली. भाऊंकडून किल्ली हरवली! एका म्हाताऱ्यानं तर कानामागं हात लावून दोनदा विचारलं. कुठं हरवली? भाऊंना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते फार तपशिलात शिरले. पऱ्या, म्हणजे वाडीखालचा ओढा, ओलांडताना पाय घसरला, जुडगा दगडावर आपटला, नेमकी तीच किल्ली निसटली. झालं. काकींचा मुलगा आणि चार बाप्ये लगेच पऱ्यात उतरले. पावसाळ्यातलं पाणी, कमरेपर्यंत. मग लाजेकाजेस्तव भाऊंनाही उतरावं लागलं. माझ्या डब्यातली किल्ली ते गारठलेल्या हातांनी दगडांखाली शोधत होते आणि मधून मधून "नाय हो, हितं पन नाय," म्हणत होते. त्या दिवशी त्यांना जी शिंक लागली ती अनंत चतुर्दशीपर्यंत गेली नाही. शोधून दमलेली मंडळी चहाला माझ्याच खोलीवर आली. एकानं विचारलं, "गुर्जी, भात असंल तर टाका थोडा." मी तांदूळ संपल्याचं सांगितलं. डबा समोरच होता.

"मरू दे ती किल्ली, कुलूप फोडा," काकी म्हणाल्या.

तेव्हा भाऊंनी आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. कुलपाला त्यांनी आधीच लाल फडकं सैलसं गुंडाळून ठेवलं होतं. ते दाखवून म्हणाले, "मी देवीला गाऱ्हानं घातलंय. किल्ली गावंपर्यंत ह्या कुलपाला कुनी हात लावायचा नाय. गनपतीच्या तोंडावर आपल्याच घराचं कुलूप फोडलंव तर वरीसभर दारं फुटत ऱ्हातात, काकी."

असा अपशकुन कोकणातच काय, जगात कुठं नसेल. तो त्यांनी तिथं उभ्या उभ्या रचला. पण काकींचा सगळ्याच अपशकुनांवर विश्वास होता, तेव्हा आणखी एकाला त्यांनी जागा करून दिली.

मग शिडी आली. भाऊ स्वतः छपरावर चढले, कौलं बाजूला केली आणि आत उतरले. आधी धप्प आवाज झाला, मग काहीतरी फिस्कारलं, मग भाऊंचा आवाज आला, "हितं एक कुटुंब ऱ्हातंय!" माळ्यावर उदमांजरीनं पिल्लं घातली होती. घर आतून बोलत नव्हतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

मागचं दार उघडल्यावर काकी आत गेल्या आणि डोक्याला हात लावून बसल्या. देवघराच्या भिंतीवर वाळवीची मातीची वाट वरपर्यंत गेली होती. खाली वटवाघळांची घाण, गोधड्यांना कसर, आणि खाटांमध्ये उपास सोडायला बसलेली सेना. "भाऊ, ह्याला राखन म्हनतात?" काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तुज्या भरवशावर घर सोडून गेलो आमी!" भाऊ मान खाली घालून केरसुणी शोधायला लागले. दोन दिवस ते एकटे त्या घरात राबले. वाळवीची वाट मोडली, मुळाशी रॉकेल ओतलं, खाटांना आधण घातलं. उदमांजरीला मात्र पिल्लं हलवायला एक दिवसाची मुदत दिली, आणि आश्चर्य म्हणजे तिनं ती पाळली.

खरी पंचाईत चतुर्थीच्या सकाळी झाली. गणपती शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून, निघाला. काकींच्या मुलाच्या डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, तोंडावर रुमाल, मागं झांजा. आणि काकी अंगणात आडव्या आल्या. "गनपती मागल्या दारानं? आमी काय चोरून आनलाय काय? पुढल्या दारानंच येनार!"

झांजा थांबल्या. मुलाची मान अवघडली. सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ मागल्या दारानं आत गेले आणि मला हाक मारली, "गुर्जी, फिरकी घेऊन या." फिरकी म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार. डाव्या फळीच्या बिजागऱ्या आम्ही आतून चौकटीपासून सोडवल्या. मग त्यांनी एक फळी पोटाशी धरली, मी दुसरी, आणि कडी, कोयंडा, कुलूप, लाल फडकं सगळं जागच्या जागी ठेवून दोन्ही फळ्या एकत्र उजव्या बिजागऱ्यांवर उघडल्या. कुलूप लावलेलं दार सताड उघडं! असं दार मी आजतागायत पाहिलेलं नाही. भाऊ फळी अशा हलक्या हातानं धरून होते की गणपतीपेक्षा कुलपालाच जास्त जपताहेत असं कुणालाही वाटलं असतं. "हळू, गुर्जी, हळू," ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. काकींनी ओवाळलं, मुलाच्या पायावर पाणी घातलं, आणि देव पुढल्या दारानं आत आला.

गणपती बसला तितके दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. आरती झाली की प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी सुरू करायचं. भाऊकडून किल्ली हरावतेच कशी? म्हातारा झाला. दृष्ट लागली. पितो का काय? दुसऱ्या वाडीतून बायका देवाच्या निमित्तानं यायच्या आणि दार बघून जायच्या. भाऊ प्रत्येक आरतीला हजर असायचे, शिंकत, झांज वाजवत, आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मी त्यांना एकदा म्हणालो, "आता तरी सांगून टाका." ते म्हणाले, "झांज धरा."

गौरी-गणपती पोचवून मंडळी निघाली. पुढचं दार पुन्हा जागेवर बसवलं, गाऱ्हाण्याचं कुलूप तसंच ठेवलं आणि मागल्या दाराला बाहेरून नवं कुलूप लावलं. त्या नव्या कुलपाची किल्ली काकींनी भाऊंसमोर माझ्या हातात दिली. "आता तुमीच बगा, गुर्जी. भाऊच्या हातात नको." माझ्या हातात! ज्याला झुरळाशी बोलता येत नाही त्याच्या! भाऊंनी कमरेचा दोर उगाच नीट केला.

काकी आणि मुलगा बोचकी घेऊन एस.टी.च्या वाटेला लागले. सून मागं राहिली. भाऊ आणि मी पडवीत उभे होतो. तिनं कुलपाकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "भाऊ, कुंभारीण हाय ना आत?"

भाऊंचा चेहरा चोर सापडल्यासारखा झाला. "मी कुनाला बोल्लो नाय गो. देवाशपथ. ह्या गुर्जींना सोडून."

"मी पयल्याच दिवशी फडकं उचलून बगितलं," ती म्हणाली. "मुंबईच्या खोलीत पन येते ती. दर वर्साला. सासूबाईंना दिसायच्या आत मी खरवडून टाकते. एकदा त्यांच्या नजरंला पडली, तर महिनाभर शेजारनी माज्या पोटाकडं बगून बोलत व्हत्या."

भाऊंनी कुलपावरच्या फडक्याची कड उगाच सारखी केली.

"भाऊ, ह्या गनपतीत किती बायका आल्या. एकीनं पन मला इचारलं नाय. एकीनं पन नाय! ज्या आल्या त्या तुमची किल्लीच इचारत व्हत्या." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "लगीन झाल्यापासून ह्याच गनपतीत मी बसून आरती ऐकली."

ती वाकून त्यांच्या पाया पडायला लागली, तसे भाऊ घाईघाईनं मागं सरले. "अगो, हळू! दाराला धक्का लागंल. जा, यष्टी जाईल तुजी." ती गेल्यावर ते बराच वेळ नाक शिंकरत होते. सर्दी होतीच म्हणा.

नंतर एका दुपारी ते मला वर्गातून बोलवायला आले. बूच फुटलं होतं. कुलपाच्या कडेवर एक नवी कोरी माशी बसून पंख सुकवत होती. आम्ही दोन प्रौढ माणसं श्वास रोखून बघत राहिलो. ती उडाली, एक घिरटी घातली आणि करवंदीच्या जाळीपलीकडे गेली. भाऊ म्हणाले, "आता देवीला दुसरं गाऱ्हानं घालायला हवं. खोट्याची माफी मागतो."

आता किल्ली सापडल्याचं सांगायला हरकत नव्हती. माझ्या डब्यातून काढून मी ती त्यांच्यापुढे धरली. पण किल्ली सापडली की कुठं, कशी, मग कुलूप का फोडू दिलं नाही, हे सगळं आलं, आणि त्यातून ती सून आली. त्यांनी ती माझ्याकडेच ठेवायला सांगितली. पुढच्या शिमग्याला आणखी दोन-तीन घरांनी त्यांच्याकडच्या किल्ल्या मागून घेतल्या. "हलका झालो," असं ते म्हणाले. झाले नव्हते. त्यांना ते फार लागलं होतं. मी काकींचं घर उघडायला जायचो तेव्हा ते अंगणात येऊन उभे राहायचे, उंबरठा ओलांडायचे नाहीत. बाहेरून सांगायचे, "तुळईच्या मागं बगा, गुर्जी. नि काय तरी बोला मोठ्यानं." मला इतरांचे आवाज काढता यायचे नाहीत, म्हणून मी पाढे म्हणायचो.

दोन वर्षांनी मे महिन्यात भाऊ गेले. छातीचंच निमित्त झालं. सगळे चाकरमानी गावातच होते, म्हणून बाराव्याला त्यांच्या पुतण्याच्या अंगणात गर्दी होती. पंगत उठली आणि बायका सुपारी कातरत बसल्या. बोलणं भाऊंवर आलं. चांगला व्हता, एक बाई म्हणाली, पन शेवटी शेवटी भरवसा ऱ्हायला नव्हता. किल्ली हरावली तिथनं उतरतीच लागली.

"किल्ली हरावली नव्हती," काकींची सून म्हणाली.

सुपाऱ्या कातरायच्या थांबल्या. तिनं सगळं सांगितलं. माशी, माती, लाल फडकं, पऱ्यातलं पाणी. मुंबईत दर वर्षी ती स्वतः काय करायची, तेही. सासू शेजारीच बसली होती, तिच्यासमोर. आवाज चढवला नाही, कुणाकडे बघितलंही नाही. "तुमी मला इचारू नये म्हनून त्यांनी आपलं नाव घालवलं," एवढं बोलून ती थांबली. काकी पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मग सर्वांत म्हातारी बाई उठली, तिच्याजवळ येऊन बसली आणि तिच्या हातातला अडकित्ता घेऊन उरलेली सुपारी तिनं कातरून दिली.

पुढं त्या घरात पाळणा हलला की नाही, ते मला ठाऊक आहे. पण वाडीतल्या बायकांनी त्या दिवसापासून तिला विचारायचं सोडलं. तुम्हीही विचारू नका.